वाघ्यानं धरलं

घोडेगावात आमच्या दुकानासमोरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की माझं डोकं फिरतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर रचलेला ऊस झुलतोय, रस्त्यावर सांडलेल्या वाढ्यांसाठी, त्या हिरव्या शेंड्यांसाठी, मोकाट गाई मागं धावतायत आणि टेपवर गाणं इतक्या मोठ्यानं की कचेरीतले लोक खिडक्या लावून घेतात. माझं झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीच्या तोंडावरच. गिऱ्हाइकं म्हणतात, "वहिनी, झाला की सीझन चालू." मी मान हलवते. सीझन म्हणजे थंडी, सीझन म्हणजे गुऱ्हाळाचा गोडसर धूर, रिकाम्या फडात पेटवलेलं पाचट, आणि कर्णा लावून फिरणारी वनखात्याची जीप. लहान मुलांना एकटं सोडू नका, वाकून काम करताना मागं लक्ष ठेवा, अंगणात उजेड ठेवा. उजेड कुठून ठेवायचा ते जीपवाले सांगत नाहीत, कारण लाइट त्यांच्या खात्यात येत नाही. यंदा काही गावांत बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात. कुत्र्याला घालतात तसला पट्टा घातलेली एक बाई मोबाइलवरच्या फोटोत हसत होती. तो फोटो बघितला आणि मला आईचे हात आठवले. त्या दिवशी दुकानात मी तीन जणांवर उगाच खेकसले.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही. पेपरात लिहितात, साहेबलोक म्हणतात. आम्ही वाघ म्हणतो. आणि आमच्याकडचा वाघ चावत नाही, हल्लाही करत नाही. तो धरतो. शेळी धरली, कालवड धरली, अमक्याचं कुत्रं ओट्यावरनं धरलं. 'धरलं' म्हटलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, पायात चप्पल घालतो आणि काठी शोधतो. बाहेरगावच्या माणसाला या शब्दाचं वजन कळायचं नाही. त्याच्याकडं हात धरतात, छत्री धरतात, फार तर राग धरतात.

गेल्या वर्षीची थंडी मी माहेरी काढली. दिवाळीनंतर आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सारखे थेंब घालायचे, वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. राजू, माझा धाकटा भाऊ, चाकणला कंपनीत सुपरवायझर, त्याची बायकोही नोकरीला. त्यांना रजा मिळत नाही. माझं दुकान माझंच असल्यामुळं मला रजाच रजा, असं सगळ्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. मी नवऱ्याच्या अंगावर दुकान टाकलं आणि वारूळवाडीच्या वस्तीवर येऊन राहिले. वस्ती म्हणजे गावापासून आत, चहूबाजूंनी ऊस, आणि त्या उसापलीकडं हाकेच्या अंतरावर तुकाभाऊंचं घर. वडील गेल्यापासून जमीन वाट्यानं दिलेली. घरात आई आणि वाघ्या, एवढीच माणसं. मी त्या बोक्याला माणसांत धरते आहे, ते चुकून नाही.

आमचे आजोबा मेंढरं राखायचे. मेंढरं केव्हाच गेली, पण दारातल्या कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवायची चाल राहिली. आधीचा वाघ्या कुत्राच होता. त्याला एका पहाटे वाघानं ओट्यावरनं धरला, अर्धी साखळी खांबाला तशीच राहिली. त्यानंतर आईनं कुत्रं पाळलं नाही. पुढं कधीतरी उसाच्या बांधाला तिला मांजराचं एकटंच पिल्लू सापडलं, डोळेही धड न उघडलेलं. करड्या पट्ट्यांचं, मुठीत मावेल एवढं. तिनं ते पदरात घालून घरी आणलं आणि त्याला वाघ्या म्हणायला लागली. "नाव रिकामंच पडलं व्हतं," ती म्हणायची, "देऊन टाकलं त्येला."

आता मांजराचं पिल्लू कसं जगवायचं हे आईला कुठं माहीत? तिला कोकरू माहीत. मेंढी मेली की पोरक्या कोकराला वाटीतलं दूध प्यायला शिकवायची एक रीत असते. बोट दुधात बुडवायचं आणि कोकराच्या तोंडात द्यायचं. ते चोखायला लागलं की बोट तसंच ठेवून हळूच तोंड वाटीत न्यायचं. दोन-चार दिवसांत बोट काढून घेतलं तरी कोकरू पीत राहतं. लहानपणी आईनं अशी कितीतरी कोकरं वाढवलेली. वाघ्यालाही तिनं तसंच वाढवलं. तो वाटीतलं प्यायला लागला तरी बोट काही सुटलं नाही. सकाळच्या चहाच्या वेळी तिनं बशीत बोट बुडवायचं आणि त्यानं ते तोंडात घ्यायचं, हा दोघांचा शिरस्ता होऊन बसला. कोकराला वरचे पुढचे दात नसतात, नुसती हिरडी असते. हे आईला पक्कं ठाऊक होतं. मांजराचं तसं नसतं हे तिला वाघ्या मोठा होत गेला तसं कळत गेलं, आणि तोवर त्याच्या डोक्यात बसलं होतं की आईचा हात ही तोंडात घ्यायची वस्तू आहे.

मी गेले त्या दिवशी मला पहिल्यांदा ते हात नीट दिसले. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटावर टोचल्याच्या खुणा. काही सुकलेल्या, काही ओल्या, त्यांवर हळद दाबलेली. आईला शुगर आहे, जखम भरायला महिना घेते. "कशानं झालं हे?" म्हटलं तर "उसाचं पातं लागलं" म्हणाली. उसाचं पातं चिरतं, भोकं पाडत नाही. मी तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरनं विचारलं, "आजी, काय चावलं?"

"चावलं न्हाई," आई म्हणाली. "खेळला."

इंजेक्शनं झाली. निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की यातली एखादी जखम आत चिघळली तर बोट जाईल, कदाचित हातावरही बेतेल, म्हाताऱ्या माणसात शुगर असताना हे हसण्यावारी नेऊ नका. मी घरी येऊन वाघ्याकडं बघितलं. तो कांद्याच्या पोत्यावर पाय मुडपून बसला होता. त्यानं मला कधीच चावलं नाही, तुकाभाऊंना नाही, दूधवाल्याला नाही. आमच्याकडं तो बघायचाही नाही. चावायचा तो फक्त जिनं वाढवला तिला.

मग ती दुपार. आमच्या घराण्याची कीर्ती सगळ्या तालुक्यात पोचवणारी. मी नारायणगावच्या बाजारात मेथी निवडत होते. इकडं ओट्यावर बसून आईनं वाघ्याला बोटानं साय चाटवली आणि त्यानं बेचक्यात जो दात रुतवला तो सोडेना. डोळ्याला काळा चष्मा, एक हात अडकलेला, आई घाबरली आणि तिनं उसापलीकडं तुकाभाऊंच्या सुनेला हाक मारली, "आगं सुरेखा, पळ गं, वाघ्यानं धरलं मला!" वाऱ्यानं ऊस सळसळत होता. पलीकडं पोचलं ते 'वाघानं धरलं' एवढंच. सुरेखा शहाणी पोरगी. तिनं दार आतून लावून घेतलं आणि सासऱ्याला फोन केला. तुकाभाऊंनी गावाच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या हातात मेथीची जुडी होती तेव्हा शेजारी उभा असलेला, मला न ओळखणारा माणूस मोबाइल बघत मलाच सांगायला लागला, "वारूळवाडीला वाघानं म्हातारी धरली राव, भरदुपारची."

मी वस्तीवर कशी पोचले ते मला आजही आठवत नाही. अंगणात जत्रा भरली होती. काठ्या, कोयते, थाळ्या बडवणारी पोरं, फटाक्यांची माळ, आवाजासाठी चालूच ठेवलेला ट्रॅक्टर. वनखात्याची जीप माझ्या आधी आलेली. मधोमध बाकड्यावर काळा चष्मा लावून आई बसली होती, हात पदरात गुंडाळलेला, पदर लाल झालेला, आणि वनखात्याचा एक माणूस तिच्यापुढं वाकून विचारत होता.

"आजी, कुठं गेला?"

"माळ्यावर."

सगळी गर्दी दोन पावलं मागं सरली.

"केवढा होता?"

"लई मोठा न्हाई. पर अंगानं भरलाय आता."

"बछडा असणार," तो माणूस साथीदाराला म्हणाला. "दार लावून घ्या. पिंजरा मागवा."

"पिंजरा कशाला?" आई म्हणाली. "समदी गेली की यील त्यो खाली. भूक लागली की येतोच."

तेवढ्यात मी गर्दीतून पुढं घुसले आणि सांगितलं की तो बोका आहे. मांजर. पाळलेलं. त्यावर जे हसणं सुरू झालं ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. कुणीतरी मागून म्हणालं, "वाघाची मावशी निघाली की राव." आईला त्याही परिस्थितीत ते खपलं नाही. "बोका हाय त्यो," ती म्हणाली, "मावशी कशी आसंल?" पुन्हा हशा. लोक पोट धरून हसले, एकमेकांना टाळ्या दिल्या, फटाके आणलेच आहेत म्हणून वाजवले. तासाभरात अंगण रिकामं झालं. एवढ्या माणसांत पदर सोडवून आईचा हात कुणी बघितला नाही. वाघानं धरली असती तर बघितला असता.

दिवस मावळायच्या आत राजू चाकणहून आला. पांढराफटक पडलेला चेहरा मी दुरून बघितला आणि मला त्याची खरंच दया आली. पण आई धडधाकट बसलेली बघितल्यावर तो चेहरा ज्या तऱ्हेनं बदलला तेही मी बघितलं. "ताई, कंपनीतली माणसं माझ्यासाठी रडली," तो मला म्हणाला. "मॅनेजरनं स्वतःची गाडी दिली. उद्या जाऊन काय सांगू त्यांना? मांजर चावलं?"

"मेले न्हाई याचं वाईट वाटून घेतोस व्हय रं?" आई आतून म्हणाली.

तो जाताना सांगून गेला. संक्रांतीला येतो. तोवर मांजराचं चावणं बंद झालं नाही तर पोत्यात घालून सोडून येईन. आई दाराला टेकून उभी होती. त्या रात्री जेवताना तिनं वाघ्याला डाव्या हातानं जवळ ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "शोभा, तू लई हुशार हायेस. त्येला काहीतरी शिकव." माझ्या सबंध जन्मात तिनं मला हुशार म्हटलं ते तेवढं एकदा.

मी कामाला लागले. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, म्हशीचं काही असेल तर सांगा. मग मोबाइलवर बघायला लागले. एक हिंदी बोलणारा तरुण मांजरं मांडीवर घेऊन सगळं समजावून सांगायचा. आई कान देऊन ऐकायची. "ह्यो बाबा मांजरासंगं हिंदी बोलतोय," ती म्हणाली, "आमच्या वाघ्याला कशी कळायची?" तो सांगायचा, मांजर चावलं तर हात ओढू नका, ओढला की त्याला ती शिकार वाटते. हात तिथंच निर्जीव ठेवा, त्यानं तोंड सैल केलं की उठा आणि निघून जा. ओरडू नका, मारू तर मुळीच नका. शेपटी आपटायला लागलं, कान मागं गेले, पाठीची कातडी थरथरली की तिथंच थांबा. हातानं कधी खेळू नका, खेळायला दोरीला चिंधी बांधा. सगळं पटण्यासारखं होतं. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती माझ्या मनातून आजही जात नाही. भावंडांत वाढलेलं पिल्लू आपोआप शिकतं, म्हणाला. ते भावाला जोरात चावलं की भाऊ उलटा चावतो, किंवा खेळ सोडून जातो, मग त्याला समजतं की किती जोरात म्हणजे दुखतं. एकटं वाढलेल्या पिल्लाला हे कुणी शिकवलेलं नसतं.

मी ते ऐकून चिंधी शिवत बसले आणि राजूचा विचार करत राहिले. तो काही एकटा वाढला नाही. मी होते. पण तो धाकटा, तो मुलगा. त्यानं माझी वही फाडली तर मी मोठी म्हणून गप्प. त्यानं ताट भिरकावलं तर आईनं दुसरं वाढलं. मला शिकायला जुन्नरला जायचं होतं तेव्हा घरात एकच सायकल होती आणि ती त्याला क्लासला लागायची. त्याला उलटं कुणी चावलंच नाही. तो वाईट नाही, अजूनही नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याला फक्त समजत नाही की कुठं किती दुखतं. आमच्याकडं घरोघर असे एकेक राजू वाढवलेले आहेत, आणि त्यांना दुधात बोट बुडवून पाजणारे हात आमचेच आहेत. हा राग मी दुकानात येणाऱ्या आयांवर काढते, त्या पोराच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला स्वतः रांगेत उभ्या राहतात आणि पोरगं बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत असतं.

वाघ्याला शिकवणं अवघड गेलं नाही. अवघड गेलं आईला शिकवणं. दिवसभर मी तिच्या हातावर डोळा ठेवून असायची. सकाळी अंगणात धुकं उसाच्या शेंड्यांवर बसलेलं, चुलीवर चहा उकळतोय, आणि आईचं बोट नकळत बशीत जायचं. मी ओरडायची. ती बोट मागं घ्यायची आणि पदराला पुसायची, चोरी पकडल्यासारखी. मी तिच्या हातात चमचा दिला. चमच्यानं साय द्यायची, चिंधी दोरीनं ओढायची. ती ओढायची पण तिचं त्यात मन नसायचं. "चमच्यानं कुनाला माया करतेत का गं?" म्हणायची. वाघ्या चावला की मी म्हणायची, हलू नको, ओरडू नको, ऊठ आणि आत जा. ती आत जायची आणि दाराच्या फटीतून त्याला बघत उभी राहायची. तो अंगणात बसून दाराकडं बघायचा. दोघांच्या मध्ये मी, मोबाइलमधल्या पोराची मराठी मास्तरीण.

तोवर आजूबाजूचा ऊस तुटायला लागला होता. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, त्यांची पोरं आमच्या बोअरवर पाण्याला यायची. रोज एकेक पट्टा मोकळा व्हायचा आणि वस्ती उघडी पडत जायची. ऊस असतो तेव्हा वाघाची भीती आणि ऊस तुटला की वाघ कुठं गेला असेल याची भीती. लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या सगळ्यात आमचं मांजराचं शिक्षण चाललेलं. भोगीच्या थोडं आधी एका सकाळी आईचा हात ओट्यावर पडला होता, वाघ्या सवयीनं तोंड उघडून त्याच्याकडं निघाला आणि मध्येच थांबला. हाताचा वास घेतला. मग वळून चिंधीशी जाऊन बसला. मी चुलीपुढून उठून नाचायचीच बाकी होते. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. आईनं हात उचलून मांडीवर ठेवला. "शिकला," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या हाताकडं बघत बसली. भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी मी थापल्या, कारण तिच्या हातावरच्या खपल्या निघून कोवळी कातडी आली होती आणि तिला चटका सोसत नव्हता.

संक्रांतीला राजू आला. तिळगूळ झाला. त्यानं वाघ्यापुढं हात धरला, वाघ्यानं हुंगला आणि सोडून दिला. मी आईचे हात त्याला उलटसुलट करून दाखवले, एकही नवी खूण नव्हती. "बरं झालं," राजू म्हणाला, पण ज्याच्या हातातलं कारण काढून घेतलंय अशा माणसासारखं. मग खरी गोष्ट निघाली. त्याला आईला चाकणच्या फ्लॅटवर न्यायचं होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ती एकटी, शुगर, डोळा, उघडी पडलेली वस्ती, आठवड्यापूर्वीच तुकाभाऊंची कालवड गेलेली. "ती वाघाची बातमी आली तेव्हा मला काय झालं ते तुम्हाला नाही कळणार," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरा होता.

"वाघ्याला घिऊन येते," आई म्हणाली.

"सोसायटीत मांजर चालत नाही, आई. आणि घरात हिला शिंका येतात."

"मंग मलाबी न्हाई चालत."

विषय तिथंच संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी आईला डोळा दाखवायला नारायणगावला नेलं, राजू घरी थांबला. आम्ही जेवायच्या वेळेला परत आलो. वाघ्या दारात नव्हता, ओट्यावर नव्हता, माळ्यावर नव्हता. आईनं हाक मारली. राजू खाटेवर बसून बूट घालत होता. मान वर न करता तो म्हणाला, "वाघानं नेला."

आमच्या भागात हे वाक्य कुणालाही खरं वाटेल. कुत्री जातात, मांजरं जातात, दोन दिवस हळहळ होते. राजूनं ते फार विचार करून निवडलं असणार, किंवा अजिबात विचार न करता. आईनं काळा चष्मा काढला. बाहेर ऊन कसं पडलंय ते बघितलं, तोडकऱ्यांनी भरलेला समोरचा फड बघितला, मग राजूकडं बघितलं.

"दिवसा?" तिनं विचारलं.

राजूच्या बुटाची नाडी काही केल्या बांधून होईना. शेवटी तो म्हणाला, "आळेफाट्याला सोडला. हॉटेलं आहेत तिथं, उपाशी मरायचा नाही. तुझ्यासाठीच केलं, आई." आई त्यावर त्याला काही बोलली नाही. मी बोलले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जे लहानपणी एकदाही बोलले नव्हते ते सगळं बोलले आणि त्याचा उपयोग एवढाच झाला की तो चहा न घेता निघून गेला.

आमच्याकडं मांजर मारत नाहीत. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालायचं, दिशा कळू नये म्हणून पोतं गोल फिरवायचं आणि दूर फाट्यावर नेऊन तोंड सोडायचं. पाप लागत नाही. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही, खायला-प्यायला मिळेल अशाच जागी सोडलं. इतक्या स्वच्छ हातांनी इतका दुष्टपणा करायची सोय आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई एसटीनं आळेफाट्याला गेलो. नाशिककडं जाणाऱ्या गाड्या, नगरकडं जाणाऱ्या गाड्या, ट्रकांच्या रांगा, गॅरेजमधला ठोकाठोकीचा आवाज, डिझेल आणि तळलेल्या मिरचीचा वास. आई हॉटेलांच्या मागच्या अंगानं, जिथं खरकटं टाकतात तिथनं, "वाघ्या, ए वाघ्या" करत चालली होती. एका गॅरेजमधला माणूस दचकून बाहेर आला. "कुठंय वाघ?" म्हणाला. मी म्हटलं, "मांजर आहे हो, हरवलंय." तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मांजरं पुष्कळ निघाली. एका टपरीखाली करड्या पट्ट्यांचं एक बसलं होतं. आई खाली बसली, डॉक्टरनं वाकायचं नाही सांगितलेलं विसरून, आणि तिनं हात पुढं केला. बोट पुढं करून किती तरी वेळ तशीच बसली. त्या मांजरानं वास घेतला आणि ते सावकाश उठून निघून गेलं. तो वाघ्या होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही. नसेल तर काही म्हणणं नाही. असेल तर मी त्याला शिकवलेलं तो विसरला नव्हता.

एसटीत आई खिडकीशी बसली. "राजूला फोन लाव," म्हणाली. "कुठं न्यायचं तिथं ने म्हनावं." पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आला. तिचे लुगडी-पातळांचे दोन गठ्ठे, डोळ्याचे थेंब, देव. त्यानं फार मायेनं तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावून दिला. वाघ्याला पोतं मिळालं, हिला गाडी, एवढाच फरक मला दिसला, आणि तो मी तिथं उभी राहून मोठ्यानं बोलून दाखवला नाही कारण आईनं माझ्याकडं बघून मान हलवली.

यंदाचा ऊस निघाला तशी मी चाकणला जाऊन आले. सातव्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरीला कबुतरांसाठी जाळी. राजूनं मला मोबाइलवर आईचा रिपोर्ट दाखवला. शुगर ताब्यात, वजन नीट, डोळा उत्तम. "बघ ताई, अंगावर एक ओरखडा नाही," तो म्हणाला, आणि ते खरं आहे. तो आणि त्याची बायको सकाळी जातात, जाताना जेवण झाकून ठेवतात, दुपारी फोन करून जेवलीस का विचारतात. त्यांच्यात बोट दाखवायला जागा नाही. ते गेल्यावर मी आईजवळ बसले. तिनं माझ्या हातात तिचे हात दिले. मऊ झालेत, क्रीमचा वास येतो, नखं कापलेली. कुठल्याही पेरावर काही नाही. मी त्यांच्यावरनं बोट फिरवत राहिले, एखादी तरी जुनी खूण लागेल म्हणून.

"बरं आहे ना गं इथं?" मी विचारलं.

"बरं हाय की," आई म्हणाली. "गरम पानी हाय, लिप हाय. सून येळंवर देती खायाला." मग ती जाळीकडं बघायला लागली.

"इथं मला कुनी चावतबी न्हाई."